हापशावरची रांग

चौसाळ्याहून आमच्या वाडीकडे वळलं, की लिंबाखाली एक लोखंडी खांब उभा दिसतो. त्याच्या तोंडात गांधीलमाश्यांनी पोळं केलं आहे आणि कट्ट्यावर एक कुत्री दुपारची झोप काढते. मित्रांनो, तुम्ही येताजाता पाहिला असेल, पण ओळखला नसेल. तो मी. मी एक जुना हापसा आहे.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. सारं गाव खडी फोडायच्या कामावर जात होतं. एक दिवस यंत्राची मोठी गाडी आली आणि खडकाला भोक पाडू लागली. आधी कोरडी धूळ उडाली, मग ओली, मग गढूळ पाणी वर आलं. त्या भोकावर मला बसवलं आणि बायकांनी मला हळदीकुंकू लावलं. बायना नावाची नवी नवरी पुढे झाली आणि तिने माझा दांडा दाबला. पाणी आलेलं बघून ती इतकी हरखली, की तिचा हात सुटला. दांडा उसळून तिच्या हनुवटीला लागला. रक्त आलं, तरी ती हसतच होती.

त्या दिवसापासून माझ्याजवळ रांग लागली. रांगेचा एक कायदा होता. आपली घागर ठेवून बाई बाजूला बसली तरी तिचा नंबर कुणी मोडायचा नाही. मग लिंबाच्या सावलीत बायका बसायच्या. कुणाला माहेरची आठवण यायची, कुणी नवऱ्याची नक्कल करायची. ज्या सुनेला देवळात जायचं तरी विचारावं लागे, तिला माझ्याकडे यायला विचारावं लागत नव्हतं. ‘पाण्याला गेलते’ म्हटलं, की सासूचं तोंड बंद. दांडा खालीवर व्हायचा आणि त्या तालावर ओवी निघायची :

*हापशाच्या गं दांड्याला, माझा हात तुझा हात*
*घागर भरेपर्यंत, सांगू माहेराची बात*

पाणी मी देत होतो. बात त्या एकमेकींना देत होत्या.

वर्षं गेली. बायनाची बायनाकाकू झाली. मग अलीकडचा तो मोठा दुष्काळ आला. माझं पाणी खोल गेलं. एक घागर भरायची तर दोघींना दमेपर्यंत हापसावं लागे. रांग लिंबापासून रस्त्यापर्यंत जायची. त्याच वर्षी वत्सलाबाईंची सून अंजना गावात आली. माहेर उमापूरकडचं, घरात बहिणीच बहिणी. इथे मात्र घरी सासू आणि ती. नवरा दिवसभर शेतात.

एका सकाळी अंजनाची घागर भरली. ती घागर उचलून चार पावलं गेली आणि पाणी तिने गुरांच्या डोणीत ओतून दिलं. रिकामी घागर घेऊन ती परत रांगेच्या शेवटी येऊन बसली.

शेजारच्या गीताबाईने ते पाहिलं. “अगं ए! थेंबाथेंबाला आमचा जीव चाललाय, आन् तू डोणीत वततीस? माजलीस का?”

सगळ्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. अंजना पदराचं टोक पिळत राहिली. मग हळूच म्हणाली, “घागर भरली की घरी जावं लागतं ना.”

गीताबाईने आपली घागर उगीच सरळ केली. बायनाकाकू म्हणाली, “शेळ्या पितील ते पाणी. वाया न्हाई गेलं. बस हितं.”

पण ही गोष्ट वत्सलाबाईंच्या कानावर गेलीच. सुनेला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. उलट त्यांना तिची दया आली. त्या सगळ्यांना सांगत सुटल्या, “रांगेत उभं राहून राहून पोरीचं डोकं फिरलंय. आता नळ घरात आलाच पायजे.”

नळाचा विषय निघाला तो माझ्याच कट्ट्याजवळ, लिंबाखालच्या ग्रामसभेत. सरपंच भगवानराव म्हणाले, “बायांच्या टकुऱ्यावरली घागर आपल्याला उतरवायची हाय.” टाळ्या पडल्या. तेवढ्यात बायनाकाकू उठली.

“नळ गल्लीच्या तोंडाला द्या. घरात नगं.”

हशा पिकला. दूध सोसायटीचा सेक्रेटरी रामहरी म्हणाला, “काकू, जग चंद्रावर निघालंय आन् तुमी उलट्या पायानं का चाललाव?”

“मला घागरीची हौस न्हाई बाबा. मान माझीबी झिजलीय. पर सून घराबाहेर कोणत्या कामानं निघती, तेवढं सांग. पारावर बसती? हॉटेलात च्या पिती? पाण्याला तेवढी निघती. तेबी घरात आलं, की झालं!”

“आता मोबाईल हाय की. घरात बसून बोला म्हणावं.”

“मोबाईल कुणाच्या खिशात हाय रं? तू हितं आलास, तर तुझी बायको आता कशावर बोलत असंल?”

रामहरीचा हात नकळत खिशाकडे गेला. या वेळी बायका हसल्या.

मग वत्सलाबाई उठल्या. त्यांनी चारचौघांत डोईवरचा पदर मागे सारला. “बायना, तुला बोलायला सोपं हाय. हे बघ. चुंबळीच्या जागी केस उगवत न्हाईत माझे. माझ्या सुनेच्या टकुऱ्याचं असं हू द्यायचं न्हाई मला.”

बायनाकाकू खाली बसली. दोघी खऱ्या होत्या, मित्रांनो. मी दोघींच्या घागरी भरल्या होत्या, मला ठाऊक होतं. अंजना मागे पदर ओढून बसली होती. ज्या सुनेवरून एवढा वाद पेटला, तिला काय हवं ते कुणी विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्याने हात दिला. धरणावरून पाईपलाईन आली आणि घरोघर नळ बसला. माझी रांग आधी आखडली, मग उरलीच नाही. सकाळी उजाडलं की मी वाट बघायचो. रस्त्याने एसटी जायची, शेळ्या जायच्या. दांड्याला गंज चढला. लोखंडाला हाताची सवय लागते, हे मला तेव्हा कळलं.

बायनाकाकू मात्र कधीमधी कट्ट्यावर टेकायची. एकदा ती गीताबाईला म्हणाली, “वत्सलाकडं ताकाला गेलते. अंजना नळ चालू करून बादलीशी बोलत हुती गं. ओवी म्हणत हुती, बारीक आवाजात. मी दिसले तशी गप झाली. वत्सला काय म्हणाली ठावं हाय? सून आताशा लई शांत झालीया, लई गुणाची हाय.”

एवढं बोलून काकू उठली आणि दूध सोसायटीकडे चालू लागली.

गावात बायांची दूध सोसायटी होती. बायनाकाकू तिची चेअरमन. मेंबर बाया, पण दूध न्यायचे पुरुष, कॅन मोटारसायकलला अडकवून. काकूने मीटिंगमध्ये ठराव मांडला : मेंबर बाईनेच दूध घेऊन यायचं. गडीमाणसाच्या हातून घेतलं जाणार नाही. मीटिंग संपली तरी रामहरी माझ्यापर्यंत तिच्यामागे भांडत आला.

“काकू, गाडीवर दोन मिनिटांत येतंय की दूध!”

“दोन मिनिटांत येतंय, तेच तर दुखणं हाय.”

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई स्वतःच कॅन घेऊन निघाल्या. थोड्याच वेळात तो भरलेला कॅन घेऊन परत आल्या. संताप संताप झाला होता. “मेंबर अंजना हाय, अंजनाला धाड म्हणती बायना! मी काय चोर हाय?” असं एकटीच बोलत त्या धाप लागून माझ्या कट्ट्यावर बसल्या. कुत्री बाजूला सरकली.

त्या बऱ्याच वर्षांनी इथे टेकल्या होत्या. कट्ट्याच्या दगडावर घागरींच्या बुडांनी खळगे पडले आहेत. वत्सलाबाईंचा हात त्यातल्या एका खळग्यावर फिरला. तिथेच राहिला. त्यांनी समोर बघितलं, जिथे पूर्वी रांग असायची. मग मान खाली घालून माझ्याशी बोलल्यासारखं म्हणाल्या, “सासू मेली त्या दिवशीबी मी हितं हसले हुते.”

उठल्या आणि घरी गेल्या. कॅन वत्सलाबाईंनी आत नेला, पण थोड्या वेळाने तो अंजनाच्या हातात बाहेर आला.

आता अंजना सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोरून जाते. थांबत नाही. तिला उशीर झालेला असतो. दूध सोसायटीच्या दारात आता कॅनची रांग लागते. वारा इकडचा असला, की तिथला हसण्याचा आवाज माझ्यापर्यंत येतो. तिचा कॅन रिकामा झाला, तरी ती लवकर परतत नाही. वत्सलाबाईही तिला हाक मारत नाहीत.

मित्रांनो, मला रंग लावा, माझा दांडा दुरुस्त करा, असं मी म्हणणार नाही. खाली पाणी नाही आणि वर कुणी येणार नाही. एकटेपण आता मला अंगवळणी पडलं आहे. आणि नळही तोडू नका. वत्सलाबाईंचं टकुरं मी पाहिलेलं आहे. पण तुमच्या घरात नवं काही सुखाचं येईल, तेव्हा त्या सुखामुळे घरातल्या कुणाचं बाहेर पडणं थांबलं का, ते बघा. बघूनही कळलं नाही, तर विचारा. आणि विचाराल तेव्हा तिलाच विचारा.