पाहिलं. ठीक आहे.

सुहास गेला त्याला सहा महिने झाले होते, आणि बुधवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी त्याने सारिकाचं काम मंजूर केलं.

कामशेतच्या आपल्या दोन खोल्यांत सारिका जेवणाचं ताट बाजूला सारून स्क्रीनकडे पाहत राहिली. तिने नुकत्याच पाठवलेल्या दुरुस्तीखाली सुहासचं नाव होतं, शेजारी हिरवी खूण, आणि त्याचे नेहमीचे शब्द: 'पाहिलं. ठीक आहे.' ऑगस्टात खंडाळ्याच्या वळणावर, धुक्यात, त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं होतं. इंद्रायणीच्या काठी चिता विझेपर्यंत ती उभी होती.

वेळू ही संगणकाची एक लहानशी भाषा. सुहास, सारिका आणि पुण्याची माधवी अशा तिघांनी ती सात वर्षं सांभाळली होती. माणसाने वेळूत लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा कंपायलर हा सुहासचा भाग. त्यात काही बदलायचं तर त्याची मंजुरी लागे. लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या एकाने ओळन् ओळ वाचल्याशिवाय काही बाहेर सोडायचं नाही, हा नियम तिघांनीच घातला होता. तो गेल्यावर मंजुरी देणाऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव काढायला हवं हे माधवीलाही कळत होतं आणि सारिकालाही. कुणी काढलं नाही. सारिकाने तर सहा महिने त्या भागाला हात लावला नव्हता.

आता लावावा लागला होता. दहा दिवसांपूर्वी एका अनोळखी संशोधकाचं पत्र आलं: वेळूत एक फट आहे. पासवर्ड वापरून झाला की प्रोग्राम मेमरीतली ती जागा शून्यांनी पुसून टाकतो. पण कंपायलर पाहतो, की या शून्यांकडे पुढे कुणी बघणार नाही. म्हणजे हे काम फुकटचं. वेग वाढावा म्हणून तो पुसण्याची पायरीच गाळतो. लिहिणाऱ्याला वाटतं पुसलं. पासवर्ड तिथेच असतो, कुणी शोधत येईपर्यंत.

वेळूवर कितीतरी दवाखान्यांचे आणि पतपेढ्यांचे प्रोग्राम चालत. शुक्रवारी तो संशोधक ही फट जाहीर करणार होता, आणि त्याआधी दुरुस्ती सगळीकडे पोचायला हवी होती. गाळण्याची ती हुशारी दोन वर्षांपूर्वी सारिकानेच लिहिली होती. सुहासने एका मिनिटात तिला होकार दिला होता.

आता दुरुस्ती बाहेर सोडायचं एक बटण दाबलं की झालं असतं. नियमात सगळं बसत होतं. सारिकाचा हात माउसवर गेलाही. मग तिला वाटलं, कुणीतरी सुहासच्या खात्याची किल्ली चोरली असेल. याखेरीज आणखी एक विचार मनात आला, तो तिने पुरा होऊ दिला नाही. तिने दुरुस्ती मागे घेतली, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि स्कूटर काढली.

कार्ल्याला सुहासच्या अंगणात त्याचा धाकटा भाऊ कैलास पवना धरणाकाठच्या पर्यटकांचे तंबू उन्हात पसरत होता. सुहासच्या लॅपटॉपचं काय केलं, असं तिने विचारताच तो जरा ओशाळला. "आई हात लावू देत न्हाई, ताई. चालूच हाये तवापासून. पासवर्डबी न्हाई त्याला. जगाची कुलपं तपासायचा, आन हितं कडीसुद्धा लावली न्हाई."

आत खिडकीशी टेबल होतं तसंच होतं. लॅपटॉप उघडा, कडेला कुंकवाचं बोट, शेजारी पाण्याने भरलेला पेला. बारीक घरघर ऐकू येत होती. सुहासची आई नंदाबाई खाली सुपात तांदूळ निवडत बसली होती. वर्षश्राद्ध होईस्तोवर त्याची जागा हलवायची नाही, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"दुपारी उजेड पडला त्यात," ती म्हणाली. "म्हणलं, लय दिवसांनी बसला आज कामाला."

सारिका विचारून खुर्चीत बसली. बसताना तिला खुर्ची उबदार वाटली. खिडकीतून ऊन येत होतं.

शोधायला फार वेळ लागला नाही. अकरा ओळींचा एक प्रोग्राम तीन वर्षं पाठीमागे गुपचूप चालत होता. सारिकाकडून काही आलं, की मंजूर कर आणि लिही: पाहिलं, ठीक आहे. त्या प्रोग्रामात दुसऱ्या कुणाचं नाव नव्हतं. वर सुहासने स्वतःसाठी टिपून ठेवलं होतं: 'सारिकाचं पाहावं लागत नाही.' आणि मध्ये एक ओळ होती, मंजुरीआधी पंचेचाळीस ते नव्वद सेकंद थांबण्याची. तिला वाटावं, की वाचतोय.

खाली दोनशे बारा नोंदी होत्या. दोन वर्षांपूर्वीची, गाळण्याच्या हुशारीची, त्यातच होती. थांबला: एकावन्न सेकंद.

त्या एकेका मिनिटात तिने त्याच्या होकाराची किती वाट पाहिली होती. त्याने पाहिलं असतं, तर त्याला दिसलं असतं का, हे आता कधीच कळणार नव्हतं.

नंदाबाईला सांगणं भाग होतं. तिने सोपं करून सांगितलं: हा सुहास नाही, त्याने लावून ठेवलेली तजवीज आहे. ती चालू राहिली तर सारिकाची कुठलीही चूक त्याच्या नावाने बाहेर जाईल, आणि घरात येणारा कुणीही हवं ते करू शकेल. हे बंद करावं लागेल, आजच.

नंदाबाईने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"म्हंजी तो तुजं बघतच न्हवता?"

"तीन वर्षं नाही, मावशी."

"मी निवडल्यालं मी परत निवडत न्हाई," नंदाबाई म्हणाली. "एकदा नजरंला चुकल्याला खडा परतबी चुकतो. कैलासच्या बायकूम्होरं ठिवते. ती बडबडती, पर बघती." मग ती म्हणाली, "त्याला येवडं कसं कळलं न्हाई?"

सारिकाने माधवीला फोन केला. नाव काढलं की तो भाग माधवीकडे जाणार होता. माधवी म्हणाली, काढ. सारिकाने आपला लॅपटॉप मांडीवर घेतला आणि यादीतली सुहासच्या नावाची ओळ पुसली. ती यादीही त्याच्याच भागात होती. ती ओळ पुसायलाही त्याचीच मंजुरी लागणार होती. तिने बदल पाठवला.

दोघी टेबलावरच्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. बाहेर कैलास तंबू झटकत होता. घरघर जराशी वाढली आणि काळ्या काचेवर उजेड आला. खिडकीतल्या उन्हातही तो नंदाबाईच्या तोंडावर दिसला.

"काय म्हनला?"

"पाहिलं," सारिका म्हणाली. "ठीक आहे."

नंदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. पेला उचलून तिने खिडकीतून तुळशीत पाणी ओतलं. "कुटलं बटन?" तिने विचारलं. सारिकाने दाखवलं. नंदाबाईने बोट ठेवलं आणि घरघर थांबली तरी बराच वेळ उचललं नाही.

त्याच संध्याकाळी सारिकाने दुरुस्ती पुन्हा पाठवली. माधवीने ती गुरुवारी सकाळी चार तास वाचली आणि नऊ शेरे मारले. आठ किरकोळ होते. नववा: प्रोग्राम मधेच अडखळून परत फिरतो, त्या वाटेवर पुसणं अजून गळतंय. बुधवारचं बटण दाबलं असतं तर ही फटही बाहेर गेली असती.

सारिकाने ते नीट केलं, पाठवलं आणि हात मांडीवर ठेवले. माधवी तासाभराने वाचणार होती, तसं तिने कळवलंही होतं. तरी सारिका मनात आकडे मोजत राहिली. पंचेचाळीस झाले. नव्वद झाले. ती आणखी थोडा वेळ मोजत होती.