डाव्या हाताची थाप

मी ड्रम बोलतोय. पण स्टेजवर दणाणतो तो मी नव्हे. मी व्हिडिओ गेमचा ड्रम. एका प्लास्टिकच्या चौकटीवर बसवलेल्या चार रबरी गाद्या, खाली चार पाय आणि मागून निघालेली एक वायर, एवढाच माझा संसार. माझ्यावर कितीही जोरात मारा, माझा स्वतःचा आवाज म्हणाल तर नुसता ‘थप’. खरा आवाज येतो टीव्हीतून. म्हणजे मार खायचा मी आणि कौतुक व्हायचं त्याचं. पण ते जाऊ द्या.

माझ्या प्रत्येक गादीच्या पोटात एक पातळ पितळी चकती आहे. तो माझा कान. गादीवर काठी पडली की चकती थरथरते आणि मी टीव्हीला कळवतो, लाल वाजली, निळी वाजली. कारखान्यात हे कान जाड स्पंजाखाली घाईघाईने चिकटवले होते, त्यामुळे मी जन्मापासूनच जरा बहिरा. तरुण पोरांच्या दांडग्या हातांसाठीच मला बनवलं होतं, म्हणून ते कुणाला फारसं जाणवलं नाही.

माझा मालक बेकरीत रात्रपाळीला काम करतो. लग्नाआधी सुट्टीच्या दिवशी त्याचे मित्र जमायचे आणि मला बडव बडव बडवायचे. सर्वांत डावीकडची लाल गादी तर इतकी हट्टी, की तिला नीट ऐकू जावं म्हणून मालक दात-ओठ खाऊन मारायचा. मग आतून त्याच्या आई यायच्या. घरात सगळे त्यांना आई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

“त्या डबड्यानं तुमचं काय घोडं मारलंय रे?” त्या विचारायच्या.

माझी बाजू घेणारं त्या घरात तेवढं एकच माणूस होतं. डबडं म्हणाल्या, हे खरं. पण बाजू घेतली.

पुढे मालकाचं लग्न झालं, मित्र आपापल्या मार्गाला लागले आणि मी खोक्यात बसून माळ्यावर गेलो. तिथे किती वर्षं काढली ते मला सांगता येणार नाही, अंधारात दिवस मोजायची सोय नसते. एका सकाळी खाली कप फुटल्याचा आवाज आला, मग हाका, मग पळापळ. त्यानंतर कितीतरी दिवस आईंचा आवाजच कानावर आला नाही. घरातलं कुणी आजारी पडलं की माळ्यावरच्या सामानालाही ते कळतं, फक्त विचारायला जाता येत नाही.

मला खाली काढलं ते सूनबाईंनी. त्या दुकानांमधले वजनकाटे दुरुस्त करतात. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून या दुकानातून त्या दुकानात फिरायचं, काटा उघडायचा, आतला सेन्सर तपासायचा आणि पारडं रिकामं असताना बरोबर शून्य दिसतंय ना ते बघायचं, हे त्यांचं काम. शून्याच्या बाबतीत त्या फार कडक आहेत. दुकानदार म्हणाला, “ताई, थोडं इकडंतिकडं चालतं,” की त्या काट्याचं झाकणच लावत नाहीत.

बैठकीच्या खोलीत माझं खोकं उघडलं, तेव्हा मी आईंना बघितलं. खुर्चीत बसल्या होत्या, डावा हात लकव्याच्या झटक्याने लुळा होऊन मांडीवर पडलेला. कधीकाळी कंबरेपर्यंत केस होते त्यांचे, आणि त्यांचा घट्ट अंबाडा त्या बघता बघता घालायच्या. आता केस खांद्यापर्यंत कापलेले आणि रबर बँडमध्ये बांधलेले. रोज सकाळी सूनबाई बांधून द्यायच्या. सूनबाईंच्या हातात माया पुष्कळ, पण केस बांधून होईपर्यंत आई भिंतीकडे बघत बसायच्या. त्यांना चालता येत होतं, बोलता येत होतं. हवा होता तो डावा हात. स्वतःचे केस स्वतः बांधायचे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की डाव्या हाताने टेबलावर थापट्या मारत राहा. पण आईंनी दुसऱ्याच दिवशी कंटाळून सोडून दिलं.

“टेबलाला काय थापटायचं?” त्या म्हणाल्या. “ते काय मला ओ देतंय का?”

हे ऐकून सूनबाईंना माझी आठवण झाली.

पण माझा पहिला दिवस फुकट गेला. काठी हातात राहीना, म्हणून सूनबाईंनी ती मऊ पट्टीने आईंच्या तळव्याला बांधली. आईंनी सगळा जीव एकवटून हात लाल गादीवर टाकला. हात पडला, काठी टेकली, पण मला काहीच जाणवलं नाही. टीव्ही गप्प राहिला.

“हेही टेबलच निघालं,” आई म्हणाल्या.

सूनबाईंनी मला पालथं घातलं आणि स्क्रू काढायला सुरुवात केली. पोट उघडून घ्यायची ती माझी पहिलीच वेळ, पण त्यांच्या हाताने भीती वाटली नाही. त्यांनी जुना कडक झालेला स्पंज खरवडून काढला. चकती गादीच्या बरोबर मध्यावर आणली, तिच्यावर पत्र्याचा पातळ तुकडा लावला आणि वायरीच्या वाटेत पेचकसाने फिरवायचा एक इवलासा स्क्रू बसवला. तो फिरवला की माझा कान कमीजास्त होई. त्यांनी तो जेवढा जाईल तेवढा फिरवला. सोन्याचा काटा लावतात तसा मला लावला. झाकण बंद झालं आणि मला पहिल्यांदा जग स्पष्ट ऐकू आलं. पंख्याची घरघर, शेजारच्या खोलीत झोपलेल्या मालकाचं घोरणं, सगळं.

व्यायामाच्या बाईंनी दोन्ही हात जोडीने चालवायलाही सांगितलं होतं, म्हणून सूनबाईंनी गेममधला धडाही तसाच निवडला. पडद्यावर लाल आणि निळा ठिपका जोडीने खाली यायचे आणि दोन्ही गाद्या एकदम वाजवायच्या, थाप लागली की तळाशी त्या रंगाचा गोल उजळायचा. आईंनी उजव्या हाताने निळी वाजवली, डावा हात लालवर सोडला, आणि पडद्यावर दोन्ही गोल उजळले.

आई पडद्याकडे बघतच राहिल्या. “लागलं?”

“लागलं, आई.”

त्या दिवशी त्या घरात सगळे मोठ्या आवाजात बोलत होते. मालक झोपेतून उठून आला आणि आईंच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसला. मी मात्र बेचैन होतो, कारण लाल गादीवर काही पडलंच नव्हतं. निळीवर काठी बसली की सगळी चौकट हादरायची, आणि माझा तो तिखट डावा कान ते हादरणंच थाप म्हणून सांगून टाकायचा. मी खोटं बोलत होतो आणि मला तोंड नव्हतं.

आईंना ते लवकरच कळलं. एका दुपारी त्या खोलीत एकट्याच होत्या. काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी डावा हात मांडीवरच ठेवला आणि फक्त उजव्याने निळी वाजवली. दोन्ही गोल उजळले. परत वाजवली, परत दोन्ही. त्यांनी काठी खाली ठेवली आणि उजव्या हाताने डावा हात उचलून जवळ घेतला.

संध्याकाळी सूनबाई पिशवी टेकायच्या आत विचारायला आल्या, “आज कसं झालं?”

“छान झालं,” आई म्हणाल्या. “सगळे लागले.”

नंतर एकदा सूनबाई ओल्या फडक्याने मला पुसत होत्या. निळी गादी पुसताना पडद्यावर लाल गोल उजळला. त्यांचा हात थांबला. त्यांनी निळीवर बोटाने टिचकी मारली, पुन्हा लाल उजळला. पारडं रिकामं आणि वजन दिसतंय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी पेचकस काढला, माझ्यासमोर मांडी घातली. तेवढ्यात आतून आईंचा आवाज आला. त्या मालकाला सांगत होत्या, “येतोय रे माझा हात. तुझ्या बायकोनं जादू केली बघ.”

सूनबाईंनी ऐकलं. पेचकस परत पिशवीत ठेवला.

अशी आमची तिघांची नाटकमंडळी. सूनबाईंचं तोंड पडू नये म्हणून आई गप्प, आईंचं मन मोडू नये म्हणून सूनबाई गप्प, आणि दोघींचं सगळं कळत असून मी जन्माचाच गप्प. रोज संध्याकाळी “सगळे लागले का?” “सगळे लागले” असं चालायचं आणि दोघी हसायच्या. मला मात्र त्या हसण्याचा फार त्रास व्हायचा. कारण वाजतंच आहे म्हटल्यावर आईंनी डाव्या हाताने प्रयत्न करणं जवळजवळ सोडलं होतं. हात मांडीवर आखडून बसायला लागला होता.

हे नाटक मोडलं ते मालकाच्या बेकरीतल्या कपड्यांनी. सुट्टीचा दिवस होता. त्याने पिठाने माखलेले कपडे मशीनमध्ये टाकले आणि आंघोळीला गेला. सासू-सून माझ्यासमोर बसल्या होत्या, पडदा चालू होता, काठ्या खाली होत्या. भिंतीपलीकडे मशीन पिळायला लागलं आणि जमीन थरथरली. पडद्यावर लाल गोल टिकटिक करत उजळायला लागला, आपला आपणच, न थांबता.

दोघी पडद्याकडे बघत होत्या. एकमेकींकडे कुणीच बघेना. मालक डोकं पुसत आला.

“कोण वाजवतंय?”

“तुझी पँट,” आई म्हणाल्या.

आधी सूनबाईंना हसू फुटलं, मग आईंना, आणि हसता हसता सूनबाई रडायला लागल्या.

“मला माहीत होतं, आई.”

“मलाही.”

“तुम्हाला? कधीपासून?”

“तुझ्या आधीपासून असेल. रोज पळत यायचीस गं विचारायला. तुझा उतरलेला चेहरा मला बघवला नसता.” मग त्यांनी विचारलं, “दुकानदाराचा काटा असा सोडून आली असतीस?”

सूनबाईंनी नकारार्थी मान हलवली.

“मग माझाच का सोडलास? खरं वाजू दे. नाही वाजलं तर नाही वाजलं.”

त्याच दुपारी माझी चौकट करवतीने कापली गेली. दुखलं का म्हणाल तर नाही, उलट जीव भांड्यात पडला. चारही गाद्या सुट्या केल्या, प्रत्येकीखाली मऊ रबराचे जाड पाय लावले, म्हणजे एकीचं हादरणं दुसरीकडे जाऊ नये. लाल गादीचा कान मात्र तसाच तिखट ठेवला. नंतर सूनबाईंनी मशीन मुद्दाम रिकामं फिरवून बघितलं. पडदा शांत राहिला. शून्य दिसत होतं.

आणि मग शून्यच दिसत राहिलं. आई रोज बसायच्या, दात आवळून हात उचलायच्या, निळा गोल उजळायचा आणि लाल काळाच राहायचा. एकदा वैतागून त्यांनी मला चांगल्या शिव्या घातल्या. मला वाटायचं, एकदाच उजळावं, काय बिघडतं? पण आता तेही माझ्या हातात नव्हतं. सूनबाई विचारायच्या, “आज?” आणि आई सांगायच्या, “आजही नाही.” त्यानंतर दोघी बाजूबाजूला बसून टीव्हीवर दुसरं काहीतरी बघायच्या. विचित्र वाटेल, पण मला त्या संध्याकाळी आधीच्या हसण्यापेक्षा बऱ्या वाटायच्या.

ती थाप आली तेव्हा ठिपका कधीच खाली निघून गेला होता. उशिरा, वेडीवाकडी आणि इतकी हलकी, की आधीच्या बहिऱ्या मला ती कळलीच नसती. पण ती वरून आली होती, जमिनीतून नाही. मी ती टीव्हीला सांगितली. लाल गोल एकदा उजळला.

सूनबाई स्वयंपाकघरातून आल्या, पण आनंदाने ओरडल्या नाहीत. आधी जाऊन मशीन बघितलं. मग जमिनीला तळहात लावून बघितला.

“मशीन बंद आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “आई, ही तुमचीच आहे.”

आईंनी डोळे मिटून घेतले. माझ्या लाल गादीवर एक थेंब पडला. तोही मला ऐकू आला, आणि पडद्यावर गोल पुन्हा उजळला. त्यावर दोघी एवढ्या हसल्या की मालकाची झोपमोड झाली.

त्यानंतर आईंनीच नियम घातला. हात जरा बरा चालायला लागला की म्हणतात, “आता कमी कर. मला फुकटचं नको.” मग सूनबाई पेचकस घेऊन बसतात आणि तो इवलासा स्क्रू किंचित मागे फिरवतात. मला ऐकू येणं तेवढं कमी होतं आणि आईंना तेवढं जोरात मारावं लागतं. मालकाचं घोरणं मला ऐकू येईनासं झालं, त्याचं काही दुःख नाही. पंखाही गेला. आता आई जवळ बसून बोलतात तेही मला पुसटच कळतं.

आज सकाळी आई आरशासमोर उभ्या होत्या. डाव्या हाताने त्यांनी केस मुठीत धरले होते आणि उजव्या हाताने रबर बँड चढवत होत्या. मूठ सुटली, केस पसरले. सूनबाई पुढे झाल्या, आईंनी मान हलवून त्यांना थांबवलं आणि केस पुन्हा गोळा केले. बँड बसला. एका बाजूला कललेला, चार बटा बाहेर, पण बसला. सूनबाई दारातच उभ्या राहिल्या, कंगवा हातात तसाच धरून. त्या काहीतरी बोलल्या, आई काहीतरी बोलल्या. ओठ हललेले दिसले, शब्द मला ऐकू आले नाहीत.

वाचकहो, माझी एकच विनंती आहे. या बहिरेपणाबद्दल माझी कीव करू नका. आई आत्ता येऊन खुर्चीत बसल्यात, आणि सूनबाईंच्या हातात पेचकस आहे.