गाडीच्या कानात बोळा

अग्नीला लोखंडी पेटीत कोंडून त्याच्या पाठीवर बसण्याची विद्या ज्या दिवशी माणसाला साधली, त्या दिवशी माणूस खऱ्या अर्थानं या पृथ्वीचा धनी झाला, असं अमृतचं ठाम मत होतं. हे मत त्यानं पाटणच्या पंपावर काही माणसांसमोर मांडलं होतं. डिझेल संपलेली त्याची गाडी ढकलत पंपापर्यंत आणणारी तीच माणसं होती. त्यांना दम लागला होता, म्हणून कुणी उलट बोललं नाही.

गाडी पांढरी, लहान, एखाद्या गुरुजींची वाटावी अशी. बॉनेटखाली मात्र कराडच्या वीरधवलनं तिचा पार नूर पालटून टाकला होता. वीरधवल गाड्या दुरुस्त करत नसे, 'बनवत' असे. इंजिनाच्या तोंडात हवा कोंबणारा कंपनीचा टर्बो त्यानं काढला आणि त्याच्यापेक्षा थोरला बसवला. गाडी ताब्यात देताना त्यानं एक डबा दाखवला होता.

"हे बघ, इंजिनाच्या पोटात वायू साचतो. त्याला ढेकर द्यायला वाट लागती. कंपनीची वाट मी बंद केली. ही नळी ह्या डब्यात सोडली, आणि डब्याच्या डोक्यावर ही दुसरी नळी, उघड्या तोंडाची. थंडीत आत साय धरती, पिवळी, लोण्यागत. ती पुसून काढत जायची."

"आणि न्हाई काढली तर?"

"तोंड बुजतं. पोटातला दाब मग ऑइलला टर्बोच्या वाटंनं इंजिनाच्या तोंडात ढकलतो. डिझेलचं इंजिन लय खादाड असतंय गड्या, त्याला ऑइल बी चालतं. मग तू चावी काढून खिशात घाल न्हाईतर नदीत टाक. ती स्वतःचंच ऑइल पीत वरडत सुटती, फुटंपतोर."

"मग थांबवायची कशी?"

"वरचा गिअर टाकायचा, ब्रेकवर उभं ऱ्हायचं आणि क्लच सोडायचा. ती गुदमरून मरती. तेवढं सुचलं तर."

अमृत तेव्हा हसला होता. उन्हाळा होता.

पुढे त्याचं लग्न ठरलं. स्वप्नाली आटपाडीकडची, कोयनानगरला नर्स. तिचे वडील आप्पासो यांनी निम्मं आयुष्य मेंढरांमागे काढलं होतं. आता थोडी डाळिंबं आणि थोडी मेंढरं. बघायच्या कार्यक्रमात बाकीच्या पाहुण्यांनी नोकरी विचारली, ऊस विचारला, इस्लामपुरातलं त्याचं घर स्वतःचं का तेही विचारलं. आप्पासोंनी बाहेर जाऊन गाडीभोवती एक फेरी मारली आणि आत येऊन एवढंच विचारलं, "पावनं, ह्या गाडीला काय करून घेतलंय का?"

त्यांचा धाकटा भाऊ आकाराम अशीच 'बनवलेली' जीप चालवताना गेला होता. हे अमृतला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तो म्हणाला, "न्हाई मामा. कंपनीतनं आली तशी हाय. नटसुदिक बदलला न्हाई."

या एका वाक्यावर लग्न झालं, असं म्हणायला हरकत नाही. नवरा-नवरी कोयनानगरला वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये राहू लागली. पौषात, धरणावरून येणारा वारा हाडांपर्यंत पोचू लागला असताना, आप्पासो लेकीकडे मुक्कामाला आले.

तिथून अमृतची पंचाईत सुरू झाली. डब्यातली साय काढायची तर बॉनेट उघडायला हवं. आप्पासो तर दिवसभर ओट्यावर बसून गाडीकडे असं बघत, जणू ती कळपातली एक चुकार मेंढी आहे. ते सकाळी अंघोळीला जातील म्हणून अमृत वाट बघायचा. थंडीपायी त्यांनी अंघोळच सोडून दिली होती. शेवटी निघायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, ते आत चहा घेताहेत असं बघून त्यानं बॉनेट उचललं. डबा दिसला. तेवढ्यात मागून खोकला आला.

"काय बघताय?"

"काय न्हाई. काचंचं पानी," अमृत म्हणाला, आणि बॉनेट नुसतंच टेकवून आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आप्पासोंना औंधला यमाईच्या दर्शनाला न्यायचं होतं. उजाडता उजाडता अमृतनं बाहेर येऊन बॉनेट दाबून बसवलं आणि गाडी चालू केली. गाडी अशी थरथरली की शेजारच्या मनुबाई नातवाला गोधडीत गुंडाळून अंगणात आल्या.

"भूकंप न्हाई मावशी, गाडी हाय," अमृत म्हणाला.

"आमाला दोन्ही सारखंच. भाईरच यावं लागतंय," म्हणून त्या परत आत गेल्या.

आप्पासो घोंगडी पांघरून पुढच्या सीटवर बसले. कानात लोकरीचे बोळे, वरून मफलर. त्यांच्याशी बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि अमृतला आज काहीच मोठ्यानं बोलायचं नव्हतं.

धुकं एवढं होतं की रस्ता हप्त्याहप्त्यानं मिळत होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली नदी. ती दिसत नव्हती, आणि न दिसणारी नदी दिसणाऱ्या नदीपेक्षा खोल वाटते. अमृत हलक्या पायानं चालवत होता. तरी पहिल्याच चढाला आत करपलेल्या तेलाचा वास आला. त्यानं काच खाली केली.

"वारा लागतोय," आप्पासो म्हणाले.

त्यानं काच वर केली. वास वाढला. आरशात मागचं धुकं निळसर दिसलं. धुकं निळं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. थांबावं, बॉनेट उघडावं, डबा पुसावा. बस एवढंच काम. पण बॉनेट उघडलं की शेजारी येऊन उभे राहणार कोण, तर आप्पासो. 'ह्यो डबा कसला?' असं ते विचारणार. त्या प्रश्नाला जे उत्तर होतं ते त्यानं लग्नाआधी द्यायला हवं होतं.

'पाटण आलं की गॅरेजात दाखवू,' त्यानं स्वतःला सांगितलं. 'मामांना चहाला बसवू.' भित्र्या माणसाला भविष्यकाळ फार सोयीचा पडतो.

"लय थंडी," आप्पासो बोलले. गप्पांना सुरुवात करायची त्यांची ती रीत होती. "आमी रानात मेंढरं बसवायचो तवा पहिलं कान झाकायचो. थंडी कानातनं शिरती. एकदा आत गेली की मानूस काय आन् जनावर काय, कामातनं जातंय."

"व्हय."

"गाडीचं बी तसंच आसनार."

"व्हय," अमृत म्हणाला. मग त्याला ते वाक्य नीट ऐकू आलं. "काय म्हणालात मामा?"

"आवं, तुमी काल झाकण तसंच ठेवून गेलावता. पहाटं बघितलं तर आत एक नळी, तोंड सताड उघडं. थंडगार पडलीवती. म्हटलं रातभर वारा पिऊन बसलीय बिचारी." आप्पासो समाधानानं घोंगडीत सरकले. "चांगला घट्ट बोळा घातलाय. आमच्या मेंढराची लोकर हाय, पानी शिरायचं न्हाई."

वीरधवलनं सांगितलेली साय आत असणारच. बाहेरून आता आटपाडीची लोकर. इंजिन गेला अर्धा तास श्वास कोंडून धावत होतं आणि सासऱ्यानं प्रेमानं त्याचं नाक दाबून धरलं होतं.

त्यानं थांबायला हवं होतं. त्याच क्षणी, तिथंच. त्याचा पाय ब्रेककडे गेलासुद्धा. पण डोळ्यांसमोर आप्पासोंचा चेहरा आला, बघायच्या कार्यक्रमातला, आणि तो मनात म्हणाला, पुढच्या वळणानंतर जागा सपाट आहे, तिथं थांबू आणि काही तरी निमित्त सांगू. कोणतं निमित्त, हे सुचायला ते एक वळण पुरेल असं त्याला वाटलं.

वळणावर बॉनेटखाली ठप्प असा आवाज झाला. ऑइल मोजायची पट्टी दाबानं उडून झाकणावर आदळली होती. आणि मग अमृतनं पाय उचललेला असताना इंजिनाचा आवाज वाढू लागला.

आधी त्याला वाटलं, आपलाच पाय चुकला. त्यानं खाली बघितलं. पाय पेडलवर नव्हता. आवाज चढतच होता, गिरणीचा भोंगा चढतो तसा, आणि गाडी पुढे झेपावली. त्यानं क्लच दाबला. मोकळं सुटलेलं इंजिन असं किंचाळलं की त्यानं घाबरून क्लच सोडला, तर गाडी पुन्हा उसळली. मागं पांढऱ्या धुराची भिंत उभी राहिली. पुढं धुक्याची होतीच.

"जरा दमानं," आप्पासो म्हणाले.

अमृतनं चावी फिरवली. समोरचे दिवे विझले. इंजिन विझलं नाही. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. हातात चावी आणि कानात ती किंचाळी, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे हे त्याच्या डोक्यात शिरेना. चावी काढली की गाडी बंद होते. त्याचं सगळं शहाणपण या एका गोष्टीवर उभं होतं.

"पावनं, लय पळवताय," आप्पासो मफलरीआडून म्हणाले. "बंद न्हाई का करता येत?"

"बंदच हाय मामा," अमृत म्हणाला. "बंद हाय तीच पळतीय."

आप्पासोंनी त्याच्याकडे बघितलं. मग हातातल्या चावीकडे. त्यानंतर त्यांनी जे केलं त्याचा अर्थ अमृतला पुढे कित्येक दिवस लागला नाही. त्यांनी घोंगडीतून हात बाहेर काढला, समोरच्या डॅशबोर्डवर पालथा ठेवला आणि बिथरलेल्या जनावराला बोलतात तसं हळू आवाजात म्हणू लागले, "हो... हो... हो बाय. न्हाई, न्हाई. हो."

रस्ता उताराला लागला. कठड्याचे पांढरे दगड धुक्यातून एकेक करून येत आणि मागं जात. पुढं कुठं तरी एसटीचा हॉर्न वाजला. एसटी वर येत होती. अमृतच्या मनात स्वप्नाली आली, रात्रपाळीहून येऊन ती आत्ता झोपली असेल. आकाराम आला, ज्याला त्यानं फोटोतच बघितलं होतं. आणि त्या फोटोशेजारी लावायला आप्पासोंचा कुठला फोटो काढतील, हेही आलं. मग वीरधवलचा आवाज आला: तेवढं सुचलं तर.

त्यानं क्लच दाबला. इंजिन आकाशाला भिडलं. त्यानं पाचवा गिअर टाकला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळलं, उठून ब्रेकवर उभा राहिला आणि क्लच सोडून दिला.

गाडी थरथरली. चाकं रडली. एक क्षण इंजिन ब्रेकपेक्षा दांडगं ठरलं, गाडी तशीच ओढत कठड्याकडे सरकली, आणि अमृतनं डोळे मिटले. मग पोटात लाथ बसल्यासारखा एक हिसका बसला आणि सगळं शांत झालं.

एवढं शांत की नदी ऐकू आली.

दोघं उतरले. अमृत बॉनेटला धरून उभा राहिला आणि चटका बसून बाजूला झाला. मग बाहीनं हात झाकून त्यानं बॉनेट उचललं. लपवायला आता काही उरलं नव्हतं. सगळीकडे ऑइल उडालं होतं. मधोमध डबा, डब्यावर नळी, आणि नळीच्या तोंडात लोकरीचा बोळा, पिवळ्या सायीनं माखून फुगलेला.

आप्पासो वाकून बघत राहिले. कानातले बोळे त्यांनी काढले.

"ह्यो माझा," ते म्हणाले.

"व्हय. पण त्यात तुमचा दोष न्हाई मामा. इंजिन त्या नळीनं श्वास सोडतं."

"मंजी मी तिचं नाक दाबलं."

"ती नळी कंपनीची न्हाईच." अमृतनं एका दमात बोलून टाकलं. "डबा बी कंपनीचा न्हाई. टर्बो बी न्हाई. मी सगळं बदलून घेतलंय. लग्नाच्या आधीच. तुमी बोळ्याचं सांगितलं तवाच थांबायचं होतं. तुमाला हे दिसंल म्हणून थांबलो न्हाई."

आप्पासोंनी बोटानं ती साय थोडी उचलली, वास घेतला, आणि बोट घोंगडीला पुसलं.

"नटसुदिक बदलला न्हाई म्हणालावता."

"व्हय."

"आकाराम बी मला असंच म्हणालावता," आप्पासो म्हणाले. "त्याला बी मी इचारलंवतं."

धुक्यातून एसटी आली, त्यांना बघून हळू झाली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून धुराकडे, मग उघड्या बॉनेटकडे बघितलं. एसटी वर कोयनानगरला निघाली होती. आप्पासोंनी हात केला.

"मामा, औंध खालच्या बाजूला ऱ्हायलं," अमृत म्हणाला.

"औंधला कुठं चाललोय? लेकीकडं चाललोय." ते दाराकडे वळले.

लेकीकडे जाऊन हा माणूस काय सांगणार? तिची पिशवी भरून तिला आटपाडीला घेऊन जाणार? अमृत मागं मागं गेला.

"मामा, कायतरी बोला. शिव्या द्या पायजे तर."

आप्पासो पायरीवर चढले. आत माणसं, बोचकी, दुधाच्या किटल्या, गच्च भरलेली गाडी. त्यांनी एकदा आत नजर टाकली, मग वळून जावयाकडे बघितलं. कंडक्टरनं घंटी मारायला हात उचलला.

"पावनं," ते म्हणाले, "आत जाऊन खिडकीची जागा तेवढी बघा. मला गाडी लागती."