गाडी अपेक्षित आहे

बस स्थानकावर सव्वीस वर्षं गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या बाईंना चालक-वाहक पाठीमागे कर्णाबाई म्हणत. तोंडावरही तेच म्हणत, कारण बाईंनी कधी हरकत घेतली नव्हती. आवाजच तसा होता. माइक बंद पडला तरी शेवटच्या फलाटावर झोपलेला उतारू दचकून उठे आणि आपली पिशवी शोधायला लागे.

नेमकी त्याच घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी कागद पाहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. मंगळवारी, सकाळी आठला. काढलं तर जगायची बरीच शक्यता, पण आवाज जाईल. नाही काढलं तर आवाज राहील, थोडे महिने.

"थोडे म्हणजे किती?"

"ते सांगता येत नाही, बाई."

"अंदाजे वेळ तरी?"

डॉक्टरांनी पुन्हा चष्मा पुसला. चौकशीच्या खिडकीच्या या बाजूला उभं राहायची बाईंची ही पहिलीच वेळ होती.

त्यांच्या चर्चमध्ये सांत्वन समिती होती. दुःख घरात शिरून खुर्चीवर टेकतंय न टेकतंय तोच ही समिती दारात हजर, असा तिचा लौकिक होता. समितीच्या अध्यक्षीणबाईंना उभ्या आयुष्यात दाढदुखीपलीकडे काही झालेलं नव्हतं, त्यामुळे दुःखसहन या विषयावर त्या फार अधिकाराने बोलत. सोबत सचिव. सचिवांना कारणमीमांसेची आवड.

"मनात एखादं जुनं पाप राहिलंय का? आठवून बघा," सचिव म्हणाले.

कर्णाबाईंनी प्रामाणिकपणे आठवलं. "एकदा तीन नंबरची गाडी चार नंबरवर सांगितली होती."

"नाही, म्हणजे काही गंभीर?"

"चाळीस माणसं भलत्याच गावाला गेली, साहेब. त्यातला एक नवरदेव होता."

सचिवांनी वहीत काहीतरी लिहिलं.

अध्यक्षीणबाईंनी मुद्द्याला हात घातला. "ताई, ऑपरेशन म्हणजे देवाला सांगणं की तुझ्याच्याने होत नाही, तू बाजूला हो. आपण असं करू. रविवारी साक्ष सभा आहे. तुम्ही पुढे यायचं, माइक घ्यायचा आणि म्हणायचं, 'मी बरी झाले आहे.' 'होईन' नाही हं. 'झाले आहे.' विश्वासाला भविष्यकाळ चालत नाही."

"आणि मंगळवार?"

"मंगळवार रद्द."

पत्रकं छापून तयार होती. वर जाड अक्षरात 'चमत्काराची साक्ष', खाली कर्णाबाईंचा पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो. पाळकसाहेबांना त्यांचं मत विचारलं तेव्हा ते म्हणाले की दोन्ही बाजूंसाठी प्रार्थना करतो. पाळकसाहेब भले गृहस्थ होते. अध्यक्षीणबाईंचा शब्द मोडण्यासाठी लागणारं धैर्य देवाने अद्याप कुणालाच दिलेलं नव्हतं.

खरं सांगायचं तर बाईंना ते वाक्य आवडलं होतं. शनिवारी दुपारी आरशापुढे उभं राहून त्यांनी ते म्हणून पाहिलं. मी बरी झाले आहे. आवाज थोडा खरखरला, पण वाक्य काय झोकात बसलं! त्यात ना सुई होती, ना कात्री, ना गळ्याला पडणारं भोक. त्यांनी दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना डोळ्यांत पाणी आलं आणि वाटलं, कशावरून नाही?

बाहेरच्या खोलीत नवरा भिंगं घासत बसला होता. चष्म्याचं दुकान त्याच खोलीत होतं. घासण्याचा आवाज थांबला.

"कसं वाटलं हो?" बाईंनी आतूनच विचारलं.

"ऐकायला चांगलं आहे," तो म्हणाला. "गाडी लागलीय का फलाटाला?"

हा त्यांचाच प्रश्न होता, आणि तो घरात फार वर्षांपूर्वी शिरला होता. स्थानकावरचा नियम असा होता: 'रद्द आहे' म्हणायला आगाराची चिठ्ठी लागते. 'आली आहे' म्हणायला गाडी स्वतःच्या डोळ्यांनी दिसावी लागते. चिठ्ठीही नाही आणि गाडीही नाही, अशा वेळी म्हणायचं, 'अपेक्षित आहे.' एकदा एका नव्या साहेबाने गर्दीची कुरकुर थांबावी म्हणून त्यांना 'आली आहे' म्हणायला लावलं होतं. गर्दी खूश झाली. सगळ्यांनी सामान उचललं आणि दोन तास ते हातात धरून सगळे उभे राहिले. एका म्हातारीला बाई काचेतून बघत होत्या. ती ट्रंक खाली ठेवायला तयारच नव्हती, न जाणो तेवढ्यात दार उघडायचं. त्यानंतर साहेब बदलले, पण बाईंनी न दिसलेली गाडी पुन्हा कधी आणली नाही.

"पण अहो, देवाने ठरवलं तर?"

"तर तो काय तुझ्या घोषणेसाठी खोळंबलाय? त्याचं तो बघेल. तू मंगळवारी पहाटे पाचला तयार राहा." मग भिंग उजेडाकडे धरून तो म्हणाला, "तुझा आवाज गेला तर भांडणात मी जिंकेन, अशी आशा मला पहिल्यांदाच वाटतेय."

"बघा वाट," बाई म्हणाल्या.

रविवारी चर्च खच्चून भरलं होतं. पत्रकांनी काम केलं होतं. अध्यक्षीणबाईंनी प्रस्तावनेत कर्णाबाईंच्या आजाराचं असं वर्णन केलं की मागच्या बाकावरच्या दोघांना आपलाही घसा दुखू लागल्यासारखं वाटलं. मग माइक बाईंच्या हातात आला.

समोर शंभर-दीडशे चेहरे, सगळे सामान उचलून तयार. एवढे सगळे लोक आपल्यावर माया करतात हे बघून ते एक वाक्य जिभेच्या टोकापर्यंत आलं. बाईंनी ते गिळलं. गिळताना दुखलं, तो भाग वेगळा.

"कृपया इकडे लक्ष द्या," त्या सवयीने म्हणाल्या आणि झोपलेले तिघे जागे झाले. "माझं बरं होणं अपेक्षित आहे. इथल्या फलाटावर की पलीकडच्या, ते अजून कळवण्यात आलेलं नाही. ज्याने येतो म्हणून शब्द दिलाय तो आजवर चुकलेला नाही, एवढं मला माहीत आहे. मंगळवारी आठ वाजता माझं ऑपरेशन आहे. मला भीती वाटते. प्रार्थना करा. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

टाळ्या वाजवाव्यात की रडावं, कुणालाच कळेना. ऑर्गनवाल्याला वाटलं संपलं, म्हणून त्याने गीत सुरू केलं. अध्यक्षीणबाई पुढच्या बाकावर ताठ बसून राहिल्या. उरलेली पत्रकं मांडीवर होती.

मंगळवारी बाईंना स्ट्रेचरवरून नेताना नवरा शेजारून चालत होता. या आवाजातलं शेवटचं वाक्य काहीतरी जपून ठेवण्यासारखं असेल, म्हणून तो कान देऊन होता. बाई म्हणाल्या, "गॅस बंद केलात ना?" दार लोटल्यावर मात्र, परिचारिका दंडाला पट्टा बांधत असताना, त्या पुटपुटल्या, "प्रभू, पाय गार पडलेत. पण येते मी." भूल देणाऱ्याला वाटलं आपल्याशीच बोलतायत. तो म्हणाला, "या."

गाठ निघाली. आवाज गेला. गळ्याला रुपयाएवढं भोक राहिलं, त्यातूनच श्वास. वाचा-उपचार करणाऱ्या मुलीने तिसऱ्या आठवड्यात नवी विद्या शिकवायला घेतली. हवा गिळायची आणि ढेकर देतात तशी वर ढकलायची, त्या ढेकरेत अक्षर बसवायचं.

"लाजू नका, मावशी. मोठ्ठी ढेकर द्या."

बाईंनी पाटीवर लिहिलं: सासरी असताना हेच दाबायला शिकले होते.

दिवसाला दोनशे वेळा प्रयत्न. नुसती हवा. कधी सोड्याची बाटली उघडल्यासारखा फुस्स आवाज. न्हाणीघरात नळ सोडून त्या सराव करत आणि कधीकधी नळ सोडून रडत. रडण्यालाही आवाज उरला नव्हता, हे त्यांना सगळ्यांत जास्त लागे. नवरा बाहेरून विचारी, "आली का?" त्या आतून दारावर दोनदा टकटक करत. अजून नाही, असा त्याचा अर्थ ठरला होता.

समिती मात्र दर गुरुवारी नेमाने घरी येऊ लागली. अध्यक्षीणबाईंनी मोठ्या मनाने क्षमा केली होती आणि ती केल्याचं त्या दर गुरुवारी सांगत. पूर्वी कर्णाबाई प्रार्थनेत मध्येच "होय प्रभू" म्हणून गाडी मार्गी लावत. आता तो धोका नसल्यामुळे प्रार्थना वाढत वाढत पाऊण तासावर गेली.

सातव्या गुरुवारी सचिवांचा एक पाय झोपला, मग दुसरा. "हे प्रभू," अध्यक्षीणबाई म्हणत होत्या, "आमच्या या मुक्या बहिणीकडे पाहा. हिची वाणी गेली. हिची स्तुती गेली. हिची आशा आता..."

बाईंनी हवा गिळली. काही ठरवून नाही, रागाने गिळली गेली. ती खाली कुठेतरी अडली, वळली आणि छातीतून वर आली. खोलीभर घुमणारी, खरबरीत, बेडकालाही संकोच वाटावा अशी ढेकर आली, आणि त्या ढेकरेत अक्षरं होती.

"आ-मेन."

सव्वीस वर्षांत त्यांची एकही घोषणा इतक्या तातडीने पाळली गेली नव्हती. "आमेन!" सचिव ओरडले आणि पाय चोळू लागले. सवयीने बाकीचेही म्हणाले. अध्यक्षीणबाईंचं तोंड उघडं राहिलं, पण आमेननंतर प्रार्थना चालू ठेवायची सोय धर्मातच नाही.

नवरा दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. हातातलं भिंग त्याने डोळ्याला लावलं, काढलं, बाहीने पुसलं. डोळेही त्याच बाहीने पुसले.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, हात वर करून थांबा म्हणून खूण केली आणि हवा गिळायला लागल्या.