आईच्या भुवया

बिबवेवाडीच्या हेमाला कुठलंही काम रखडलेलं खपत नसे. चार वर्षांच्या मुक्तासमोर तिने खाचा असलेली लाकडी पाटी मांडली, त्या खाचांत बसवायचे आकार दिले आणि लगेच, "अगं, तिथे नाही, इथे!" म्हणत मुलीचा हात धरून त्रिकोण बसवूनही टाकला. तुम्हीआम्ही तरी काय वेगळं करतो म्हणा.

बालवाडीत पालकांना बोलावलं, त्या दिवशी हेमा अगदी निर्धास्त होती. तिथल्या तशाच पाटीसमोर बसून मुक्ताने चौकोन उचलला आणि पाटीकडे न बघता आईच्या तोंडाकडे बघितलं. हात गोल खाचेवर नेला, तशा हेमाच्या भुवया चढल्या. हात लगेच सरकला आणि चौकोन बरोबर बसला.

"शाबास," बालवाडीच्या उल्काताई म्हणाल्या, "आई पास झाली. आता जरा बाहेर थांबता?"

हेमा दाराआडून बघत राहिली. आई दिसेना, तशी मुक्ता पुढचा तुकडा हातात धरून नुसती बसली आणि मग रडायला लागली.

"मुलगी हुशार आहे," ताई नंतर म्हणाल्या. "पण ती आकार बघत नाही, तुमचा चेहरा बघते. उद्या अक्षरं ओळखायची ती स्वतःच्याच नजरेने ना? ती नजर चुकत चुकतच तयार होते. तिला चुकू तर द्या."

हेमाने मनाशी खूणगाठ बांधली. संध्याकाळी घासलेले डबे आणि त्यांची झाकणं तिने जमिनीवर पसरली, मुक्ताला बसवलं आणि स्वतः मान खाली घालून शेंगा सोलायला घेतल्या. लहान झाकण मोठ्या डब्यात पडलं. मोठं झाकण घरंगळत कपाटाखाली गेलं. मुक्ता कुरकुरायला लागली.

"अगं, दाखव ना तिला," तिचा नवरा दिगंबर न राहवून म्हणाला.

"अहो, आपण पेपर वाचा."

मग रोज हेच चाललं. हेमाचे हात शिवशिवायचे, पण ती हटली नाही. एका संध्याकाळी मुक्ताने एक झाकण डोळ्यांसमोर धरलं, सगळ्या डब्यांवरून नजर फिरवली आणि नेमका डबा ओढून झाकण दाबून बसवलं. आईकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

मदतीच्या नावाखाली आपण मुलांच्या हातून त्यांची चूक काढून घेतो आणि तिच्याबरोबर त्यांची नजरही. आपले हात आवरणं हीसुद्धा मायाच आहे, हे प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या घाईत हेमा दिगंबरच्या डब्याला भलतंच झाकण लावू लागली. मुक्ताचा हात पुढे आला, थबकला आणि तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"तू कर, आई. मी नाही सांगणार."