सरदार कशाला परत येईल?

ती कादंबरी शनिवारपर्यंत वाचून झाली, तर स्मारांदाचा फायदा उघड होता. डोंगरातल्या अतिथिगृहात वाटाड्याची नोकरी, शेगडी असलेली खोली आणि लोणच्याच्या कारखान्यातल्या थंडगार फरशीपासून सुटका. मालक देमियान यांची अट एवढीच, की परदेशी पाहुण्यांना त्या कादंबरीतली गोष्ट सांगताना पाहुण्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला पाहिजे. हंगामाचे आठ महिने नोकरी नक्की. गावाकडचं काही खरंखुरं सांगितलं, तर हिवाळ्याचे चारही.

एकशेवीस पानं झाल्यावर तिने पुस्तक टेबलावर आपटलं.

"शी!"

आई कोबीच्या पानांत खिमा-भात गुंडाळत होती.

"भिजेल ते. बुखारेस्टहून मागवलंय ना तुझ्या मालकाने?"

"भिजू दे. ओकारी येते वाचताना. दर दहा पानांनी कुणीतरी कुणाचा गळा फोडून चोखतं. आणि वर्णन असं, जणू जावईबापू सूप पिताहेत!"

"कोण चोखतं?"

"एक सरदार. मेलेला. किल्ल्यात राहतो, शवपेटीत झोपतो."

आई खुदकन हसली. "सरदार कशाला परत येईल? जिवंतपणीच रयतेचं रक्त पोटभर पिऊन गेला असेल की मेला."

स्मारांदालाही हसू फुटलं. पुस्तक लिहिणाऱ्या त्या परक्या माणसाला हे सुचायला हवं होतं.

"समुद्र ओलांडून जातो तो. अनोळखी बायकांकडे."

"मग खोटंच लिहिलंय. परत येणारा घरच्यांकडेच येतो. ज्याच्यावर जीव असतो, त्याच्याकडे." आईने एक गुंडाळी पातेल्यात दाबून बसवली. "मारिन काका तुझ्याकडे आला तसा."

मारिन काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. तो ट्रॅक्टरखाली गेला, तेव्हा स्मारांदा सात वर्षांची होती. पाठोपाठ ती स्वतः तापाने पडली होती, हे तिला ठाऊक होतं. आणखी काही नाही.

"आला म्हणजे?"

"तू वाळत चालली होतीस. डॉक्टर सुया टोचून दमला. मग मी वेताकाकूकडे गेले. म्हटलं, तुझा नवरा माझं लेकरू नेतोय. त्याला जाऊन चाळीस दिवसही झाले नव्हते गं. कुदळ तिनेच काढून दिली."

"आई..."

"कबर खणली, काळीज काढलं, चव्हाट्यावर जाळलं. राख पाण्यात कालवली." आईने हात पुसले. "थुंकायला लागलीस, तेव्हा नाक दाबून पाजली. तिसऱ्या दिवशी जेवायला मागितलंस."

स्मारांदा अंगणात धावली आणि कुंपण धरून वाकली. उमाशांवर उमासे आले, पण बाहेर काही पडलं नाही. वीस वर्षांनी काय पडणार?

कुंपणापलीकडे वेताकाकू मिरच्या वाळत घालत होती. ती टोपली ठेवून आली.

"बरं वाटत नाही का, पोरी?"

तिने हात पुढे केला, पण कपाळाकडे नाही. तळवा स्मारांदाच्या छातीवर टेकवला आणि तसाच राहू दिला. नाताळला, ईस्टरला, लग्नाकार्यात, भेटेल तिथे ती असंच करायची. स्मारांदा दर वेळी हसून बाजूला व्हायची. म्हातारीची खोड, म्हणायची.

आज स्मारांदा हलली नाही. हात खाली येईपर्यंत उभी राहिली.

शनिवारी तिने सरदार असा रंगवला, की एका जर्मन बाईने गळ्याभोवतीचा रुमाल दोनदा आवळला. सुळे, रक्त, फाटलेली कॉलर, काही म्हणजे काही सोडलं नाही. देमियान खूश होते.

"आणि तुमच्या गावाकडचं काही?" त्यांनी पाहुण्यांदेखत विचारलं. "खरंखुरं?"

"आमच्याकडे काही घडत नाही, साहेब," स्मारांदा म्हणाली. "कोबी पिकतो."

पाहुणे हसले. त्यांना त्यांचा शहारा मिळाला, देमियानना टाळ्या मिळाल्या, आईला लेक तर केव्हाच परत मिळाली होती. स्मारांदाला आठ महिने मिळाले. हिवाळ्याचे चार गेले, तेवढी किंमत तिने मोजली. बाकीची सगळी वेताकाकूने मोजली होती.