नाव टाकलेलं ताट

अमरेशला घरात कुणीच वाईट वागवत नव्हतं, हीच मोठी पंचाईत होती. कुणी टाकून बोललं असतं तर त्याला उलट बोलता आलं असतं. पण इथं सगळेच गोड. थोरला भाऊ आप्पासाहेब, त्याचा अण्णा, रोज अंगणाच्या त्या टोकावरून हात वर करून विचारायचा, "ऊट आयता, तम्मा?" जेवलास का, धाकट्या, एवढंच. बिरादारांच्या घरात कन्नड उरलं होतं तेही एवढंच. आणि मंजुश्रीवहिनी ताट उंबऱ्यावर ठेवून, "भावजी, उठू नका, बसा," म्हणत नाकाला पदर लावून हसत परत जायची. पदराआडचं हसू समोरच्याला दिसत नाही, म्हणून ती डोळे जरा जास्तच बारीक करायची. अमरेशला ते बघूनच थकवा यायचा.

हैदराबादला एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर त्याची दहा-बारा वर्षं गेली होती. आल्यागेल्याला "किसके घर जाना है?" विचारायचं, वहीत नाव लिहून घ्यायचं, दांडा वर करायचा. मग खोकला सुरू झाला आणि टीबी निघाला. एजन्सीनं युनिफॉर्म परत मागितला, तोही धुवून. लग्न तेवढं राहून गेलं होतं, त्यामुळे रोग घेऊन जायला उदगीरच्या घराशिवाय दुसरं ठिकाण नव्हतं.

घर मोंढ्याच्या मागं. आप्पासाहेबाची धान्याची अडत, त्यामुळे अंगणाच्या कडेला बारदाना ठेवायची पत्र्याची खोली होती. रिकामी पोती एका बाजूला सारून तिथं अमरेशची खाट टाकली. फुप्फुसाच्या पेशंटला तुरीच्या धुळीत झोपवायची कल्पना कुणाची, हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं असतं आणि शेवटी त्यालाच वाईट वाटलं असतं.

औषधांचा कोर्स संपला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी अण्णाला मुद्दाम समोर बसवून सांगितलं: हे बरे झालेत, यांच्यापासून आता कुणाला काही होत नाही, आणि ताटावाटीतून तर हा रोग आधीही पसरत नव्हता. अण्णानं प्रत्येक वाक्याला मान डोलावली. घरी आल्यावर म्हणाला, "डॉक्टरला काय जातंय सांगायला? तिला थोडंच आपल्यात जेवायचंय?"

त्या ताटाचंही सांगायला पाहिजे. बिरादारांच्या घरात नाव नसलेलं भांडं नाही. लग्नातलं, बारशातलं, वास्तुशांतीचं, प्रत्येक ताटावर देणाऱ्याचं नाव मशीननं कोरलेलं. अमरेश आला तेव्हा त्याच्यासाठी वेगळं ताट काढायचं ठरलं. शेजारणीनं सुचवलं होतं की जुन्या ताटाला नेलपॉलिशचा ठिपका लाव, ती सासूच्या कपाला तेच करते. मंजुश्रीला ते फार हलकं वाटलं. ती स्वतः बाजारात गेली आणि दुकानातलं सगळ्यात जड ताट घेऊन आली. माणसाला आतून टोचत असलं की खरेदी अशीच होते. दुकानदारानं विचारलं, नाव काय टाकू? म्हणाली, नुसतं 'अमरेश' टाका, आडनाव नको; आडनावाची ताटं घरात लई हायेत, त्यात मिसळेल.

ताट आणलं त्या दिवशी तिनं ते त्याला हौसेनं दाखवलंसुद्धा. "बघा भावजी, कसं हाय?" आता याच्यावर माणसानं काय म्हणावं? अमरेश म्हणाला, "चांगलं हाय."

बरं झाल्यावर त्याला वाटलं, आता बोलावतील. आज बोलावतील, सोमवारी बोलावतील, अमावास्या झाल्यावर बोलावतील. ताट मात्र उंबऱ्यावरच येत राहिलं. एकदा तो स्वतःच उठून स्वयंपाकघरात गेला, तर वहिनीनं इतक्या लगबगीनं त्याला पाट दिला आणि इतक्या लगबगीनं बाकीच्या सगळ्यांना भूक नसल्याचं आठवलं, की तो चटणी-भाकरी हातात घेऊन परत पत्र्यात आला. हैदराबादच्या गेटवर निदान नियम तरी होता: वहीत नाव लिहिलं की आत सोडायचं. इथं नाव ताटावर कोरलं होतं आणि दांडा काही वर होत नव्हता. शेवटी त्यानं ठरवून टाकलं. ऋतुजाची सुपारी होऊ दे, मग हैदराबादला निघून जायचं. तिथं आपल्याला ओळखत नसलेल्या माणसांच्या गेटवर उभं राहणं परवडलं.

ऋतुजा ही आप्पासाहेबाची मुलगी. तिला मुखेडचं स्थळ आलं होतं, पसंती झाली होती, सुपारी फोडायला पाहुणे घरी येणार होते. आदल्या दिवशी अण्णा पत्र्याच्या दारात आला, म्हणजे दारापासून हातभर अलीकडे.

"तम्मा, उद्या पाहुणे जाईपर्यंत जरा खोलीतच बस. तू हैदराबादला हायस असं सांगितलंय आम्ही."

"बरं."

"अन् खोकू नको."

"अण्णा, मला खोकला न्हाई आता."

"तेच म्हणालो. नसला तरी खोकू नको."

मुखेडचे पाहुणे पंधरा म्हणाले होते, आले दोन जीपा आणि एक टमटम भरून. विधीला येणाऱ्या स्वामींची गाडी अहमदपूरजवळ बंद पडली होती. मुलाचे आजोबा माणिकप्पा म्हणाले, "मग आधी जेवणं उरका. उपाशी माणसाची सुपारी बरोबर फुटत न्हाई." माणिकप्पांचं मुखेडात भांड्यांचं दुकान. सगळी हयात ताटवाट्यांवर नावं टाकण्यात गेलेली. म्हणूनच मंजुश्रीनं हट्ट धरला होता की भांडेवाल्या पाहुण्यांना पत्रावळीवर वाढायचं नाही, घरचं स्टील काढायचं.

थोड्या वेळानं ऋतुजा नव्या साडीचा घोळ धरून पत्र्यात पळत आली.

"काका, तुझं ताट दे."

"माझं? कामून?"

"एक कमी पडालंय. पंगत बसलीय, एक पाहुणा तसाच ताटकळलाय."

"ऋतू, अगं हे ताट..."

"घासलेलं हाय न्हवं?"

"हाय. पण तुझी आई..."

"आईला आत्ता स्वतःचं नाव आठवंना. दे बरं!"

अमरेशला नाही म्हणता आलं असतं. तो म्हणाला नाही. पोरीनं ताट उचललं, जाता जाता नळाखाली विसळलं आणि पळाली. मग मात्र तो मनात म्हणाला, आपल्यापायी पोरीचं जमलेलं मोडायला नको. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिथून बैठकीतली पंगत पार शेवटच्या माणसापर्यंत दिसत होती.

ताट माणिकप्पांच्या पुढं गेलं. एवढी माणसं बसलेली, पण जायचं तिथंच गेलं.

माणिकप्पांनी वाढून घ्यायच्या आधी ताटाला टिचकी मारली. घुमल्यासारखा आवाज आला. त्यांनी ताट उचलून तोललं, काठ डोळ्यांजवळ नेला. दुसरा कुणी असता तर सतरंजीचा रंग बघितला असता, हे दुकानदार.

"आप्पासाहेब, अमरेश कोण?"

आप्पासाहेबाच्या हातात गव्हाच्या खिरीचं, हुग्गीचं पातेलं होतं. ते तसंच राहिलं. मंजुश्री दारात भिंतीला टेकली.

"धाकटा भाऊ माझा. हैदराबादला असतो."

"तेच म्हणलं. बाकीची ताटं बघून राहिलो मी मघापासून. हे मावशीकडून, ते मामाकडून, सगळी पापडासारखी. फुंकलं तर उडतील." पंगतीतल्या मामांनी आपल्या पुढच्या ताटाकडे बघितलं. "हे एक ताट दिल्यासारखं दिलंय. आडनावसुद्धा टाकलं न्हाई. देऊन मिरवणारा माणूस दिसत न्हाई. पुतणीच्या सुपारीला आला न्हाई का?"

"रजा मिळाली न्हाई."

"लावा फोन. मी बोलतो. असा माणूस घरात हाय हे आधी सांगायचं की राव!"

"आता ड्युटीवर असंल..."

"लावा तर. स्पीकरवर टाका."

आप्पासाहेबानं फोन लावला. दुसरं काय करणार? गेटवरच्या ट्रॅफिकमध्ये ऐकू यावं म्हणून अमरेशचा फोन कायम पूर्ण आवाजात असायचा. बैठकीत ट्रिंग ट्रिंग सुरू झालं आणि अंगणात, पत्र्याच्या खोलीत, 'ॐ नमः शिवाय'चा असा गजर सुरू झाला की सगळी पंगत खिडकीकडे वळली. खिडकीत अमरेश उभा होता.

वाकावं तर उशीर झाला होता. फोन कापावा तर अण्णाची आणखी शोभा. त्यानं फोन कानाला लावला.

"हॅलो."

"कुठं हायस?" आप्पासाहेबानं त्याच्याकडे बघत फोनमध्ये विचारलं. भांबावलेल्या माणसाला सवयीचंच सुचतं.

"हितंच," अमरेश म्हणाला, तोही अण्णाकडे बघत. "पत्र्यात."

"रजा मिळाली वाटतं," माणिकप्पा हात जोडत म्हणाले. "या, या. शरणार्थ! माझ्या शेजारी बसा."

पहिली पंगत उठली, पण माणिकप्पा सरकून तिथंच बसले. अमरेशला शेजारी बसवलं. स्वच्छ ताट पुन्हा नव्हतंच; ऋतुजानं माणिकप्पांचं धुऊन आणलं आणि काकापुढं मांडलं. काठावर 'अमरेश'. मंजुश्री वाढायला वाकली, तिचा हात सवयीनं पदराकडे गेला, माणिकप्पा बघत होते म्हणून तिथून केसांकडे गेला.

आणि पहिल्याच घासाला शेंगाच्या चटणीनं अमरेशला ठसका लागला.

बिरादारांच्या घरातले सगळे जागच्या जागी थिजले. माणिकप्पांनी त्याची पाठ थोपटली. "सावकाश. कुणीतरी आठवण काढली. म्हणजे मीच काढली. पण राव, घरातल्या घरात फोन करून बोलवायची काय पद्धत?"

"त्याला जरा ताप होता," आप्पासाहेब म्हणाला.

"पित्त," मंजुश्री त्याच वेळी म्हणाली.

"तापाचं पित्त," आप्पासाहेब म्हणाला.

अमरेशनं घास खाली ठेवला. ताप आणि पित्त यांची आता जुळणी होणार, त्यात उद्या कुणीतरी कावीळ घालणार, आणि तो त्या सगळ्याचं पथ्य पाळत पत्र्यात बसणार. फार कंटाळा आला त्याला. धाडस वगैरे काही नाही, नुसता कंटाळा.

"टीबी," तो म्हणाला. "झाला होता. औषध पूर्ण झालं, बरा झालोय. हे ताट मी कुणाला दिलेलं न्हाई. माझं वेगळं काढलेलं हाय."

ऋतुजा दाराची कडी धरून उभी होती. तिच्याकडे बघायची अमरेशला हिंमत होईना. माणिकप्पांनी आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघितलं. याच बोटांनी त्यांनी मघाशी ताटातली हुग्गी निपटून खाल्ली होती, दोनदा मागून. मग त्यांनी आपल्या माणसांकडे बघितलं. स्थळ मोडून आत्ता उठावं तर उद्या मुखेडच्या बाजारात कारण सांगावं लागणार. कारण सांगायचं म्हणजे ताट सांगावं लागणार. आणि ताट सांगायचं म्हणजे त्यात जेवलं कोण, हेही आलंच.

मुलाचा बाप काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. माणिकप्पांनी त्याला नुसत्या भुवईनं गप्प केलं.

"डॉक्टर काय म्हणतेत?"

"ताटानं पसरत न्हाई म्हणतेत."

"डॉक्टरांचं ऐकावं माणसानं," माणिकप्पा एकदम ठामपणे म्हणाले. "शिकलेले असतेत. काय हो आप्पासाहेब?"

"हाव की!" आप्पासाहेब म्हणाला. "मी तर पहिल्यापास्नं तेच सांगालोय घरात."

अमरेशनं अण्णाकडे बघितलं. अण्णाच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. खरंच वाटत असावं त्याला.

स्वामी आले, सुपारी फुटली. निघताना माणिकप्पांनी अमरेशला जीपेजवळ बाजूला घेतलं. "हे उदगीरातलं उदगीरातच राहू द्या. मुखेडला न्यायची गरज न्हाई." पुढं जाऊन परत फिरले. "अन् ताट घेऊन दुकानावर या एकदा. आडनाव टाकून देतो. नुसत्या नावाचं ताट लोकांच्या नजरेत येतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी अमरेश खाटेवर बसून बॅग भरत होता. उंबऱ्यावर ताट आलं नाही. ऊन पायरीवरून खाली उतरलं तरी आलं नाही. त्याला भूक लागली, मग राग आला. म्हणजे आता जेवणही बंद! कालच्याचा हा दंड. निदान तोंडावर सांगायचं तरी. हैदराबादची एजन्सीसुद्धा सांगून काढते. तो तणतणत अंगणात आला, तोच आतून मंजुश्रीचा आवाज आला.

"भावजी! किती वाट बघायची माणसानं? भाकरी वाळून गेल्या. पाहुण्यासारखं बोलवायला यावं लागतंय का तुम्हाला?"

अमरेश दारातच थांबला. आत सगळे बसले होते. अण्णाच्या आणि ऋतुजाच्या मधे एक पाट रिकामा होता. या हाकेची त्यानं इतके दिवस वाट बघितली होती, आणि ती आली ती त्याच्यावर खेकसत. तो पाय धुऊन बसला.

त्याच्या पुढं मामाकडचं पापडासारखं ताट होतं. भाकरी ठेवली तर ते एका बाजूला कललं, आमटी काठाला गेली. त्यानं शेजारी बघितलं. अण्णा जड ताटात निवांत काला मोडत होता.

"अण्णा," अमरेश म्हणाला, "ते माझं ताट हाय."

आप्पासाहेबानं मान वरसुद्धा केली नाही.

"घरातल्या ताटात काय रे माझं-तुझं? जेव गुमान."